आधी खोली, मग डबा

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही गोष्टीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो : घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे सरळ दोन भाग केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. आणि मोताळा घाटाच्या पायथ्याशी, दोन्हीकडे नातं राखून. पिकं, पाणी, सोयरिकी, बोलण्याचा हेल, सगळ्यात हा घाट आडवा येतो. घरातल्या सिनेमाच्या आवाजातही येतो, हे मात्र कुणी सांगत नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. तिथं उन्हाळ्यातल्या बऱ्याच रात्री पंख्यावर निभावतात. घाट उतरला की पारा ४४ अंशांवर जातो आणि मार्च सरता सरता लोखंडी कूलर खिडकीत बसतो, तो मृगाच्या पावसापर्यंत हलत नाही. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने, नेमके सुट्ट्यांचे आणि लग्नसराईच्या पाहुण्यांचे, खालच्या घरात कुठलाही सिनेमा कूलरच्या साथीनंच ऐकला जातो.

होम थिएटरबद्दल जगात भरपूर लिहिलं गेलंय, पण त्या लिखाणाच्या मनात एक विशिष्ट घर असतं. त्यात गालिचा असतो, जाड पडदे असतात, लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकून केलेल्या भिंती असतात, सोफा भिंतीपासून सुटा असतो आणि हवा गार करणारं यंत्र दुसरीकडे कुठंतरी असतं. आपल्याकडे काय असतं? वर स्लॅब नाहीतर टिनपत्रे, खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट, भिंतीला टेकून बसलेली माणसं, शोकेसमध्ये एका ओळीत मांडलेले पाचही स्पीकर आणि दाराच्या उंबरठ्याइतक्या नव्हे, चौकटीइतक्या उंचीवर टांगलेला टीव्ही. हा फरक लक्षात न घेता दुकानात जाऊन होम थिएटरचा आणखी मोठा डबा उचलला तर पैसे जातात आणि तक्रार जिथल्या तिथं राहते. तक्रारही ठरलेलीच असते : ‘आवाज त लय हाये भाऊ, पन बोलनं काई समजत नाई.’

पुढच्या प्रकरणांत तारा, जोडण्या, मेनूतले पर्याय आणि दुरुस्त्या तपशिलानं येतील. त्याआधी हा विषय कुठल्या बाजूनं धरायचा ते या प्रस्तावनेत सांगायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे चित्र आणि आवाज सुधारण्याचा पहिला रुपया खोलीवर खर्च व्हावा. आणि बऱ्याचदा तो रुपयासुद्धा लागत नाही.

जुन्या घरांपासून सुरुवात करू. जिल्ह्यातल्या खेड्यांत अजून धाब्याची घरं दिसतात : हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी सरांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, खाली शेणानं सारवलेली जमीन. अशा घरात बोललेला शब्द जिथल्या तिथं संपतो. माती आणि शेणाचं सारवण आवाज थोडा पिऊन घेतात, लाकडी छत किंचित थरथरतं आणि ढोलाचा खालचा सूर त्यात जिरतो. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा तंबूही असाच होता. कापडाच्या कनातीवर आपटून आवाज परत यायचा नाही, म्हणून साध्या कर्ण्यातूनही संवाद शब्दन् शब्द कळायचे. (महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. ज्यांनी तंबूत सिनेमा पाहिलाय त्यांनी तो जरूर बघावा.) मग धाब्याच्या जागी स्लॅब आला, सारवणाच्या जागी फरशी. पावसाळ्यात छत गळायचं थांबलं, ते उत्तमच झालं. आवाजाच्या दृष्टीनं मात्र आपण तंबूतून निघालो आणि थेट हौदात जाऊन बसलो.

किती फरक पडतो याचा हिशेब करता येतो, आणि तो करण्याची पद्धत सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक कटकटीचं काम दिलं. तिथल्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळत नव्हतं. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढचे शब्द त्यात बुडायचे. सबाइननं शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या आणल्या. रात्री रहदारी थांबल्यावर तो त्या एकेक करून मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. गाद्यांच्या त्या मोजणीतून सूत्र निघालं : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, आणि खोलीतले सगळे पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज शोषतात त्या आकड्यानं भागा. उत्तर येतं ते सेकंदात. शोषणाचं माप त्यानं धरलं उघड्या खिडकीचं. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आता आपली दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट. घनफळ सव्वाअठ्ठावीस घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ५६ चौरस मीटर पृष्ठभाग. गिलावा आणि फरशी आवाजाचा शेकडा दोन-तीन भागच शोषतात, म्हणजे सगळं मिळून दीडच्या आत-बाहेर. भागाकार केला की तीन सेकंद येतात. सिनेमा ऐकण्याच्या घरगुती खोलीत हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. रिकाम्या खोलीत मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी जी थरथर ऐकू येते, ती हीच. त्याच खोलीत जमिनीवर गाद्या अंथरल्या, एका भिंतीला जाड गोधडी टांगली आणि चार माणसं येऊन बसली, तर शोषण पाच-सहा एककांनी वाढतं आणि तीन सेकंदांचे पाऊण सेकंदावर येतात. एकही स्पीकर बदललेला नसताना!

शोषण वाढवायला काय वापरायचं? शहरातल्या दुकानांत अंड्याच्या ट्रेसारखे खड्डे असलेले फोमचे काळे तुकडे मिळतात. दिसायला स्टुडिओसारखे, जाडी इंचभर. ते टाळीची थरथर घालवतात, पण माणसाच्या आवाजाचा भरदार भाग त्यांना दादच देत नाही. ध्वनिलहरीची लांबी जितकी जास्त तितका थर जाड लागतो, हा निसर्गाचा नियम. फोमचा रंग काळा आहे म्हणून तो बदलत नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यानं यासाठी बाहेर बघायचं कारण नाही. पिंजाऱ्याकडून भरून आणलेली चार इंची गादी लाकडी चौकटीत उभी बसवून भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवली, की ती इंचभर फोमपेक्षा कितीतरी खालच्या सुरापर्यंत काम करते. मागची पोकळीही थराच्या जाडीत भर घातल्यासारखीच उपयोगी पडते. वरून सुती कापड लावा. रेक्झिन लावू नका, त्यावरून वरचे सूर परत फिरतात. अशा दोन चौकटी बैठकीच्या मागच्या भिंतीला आणि एकेक डाव्या-उजव्या भिंतीला असली की बोलणं मोकळं होतं. बाजूच्या भिंतींवरची नेमकी जागा आरसा सरकवून शोधतात. कुणाला तरी आरसा भिंतीला धरून चालायला सांगायचं. आपल्या बसायच्या जागेवरून आरशात जिथं स्पीकर दिसला, ती जागा.

बेसचं प्रकरण मात्र गादीनं सुटत नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो. त्याची लहर सहा मीटरांहून लांब. तिला पकडायला पाच फूट जाडीची गादी लागेल, म्हणजे अर्धी खोली गादीचीच. त्यातून लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर तिन्ही दिशांचा फुगवटा एकाच सुरावर येऊन बसतो. दहा-दहा-दहाची खोली बांधायला सोपी आणि ऐकायला सगळ्यात वाईट. ढोल-ताशाच्या गाण्यात एक ठरावीक ठोका अंगावर येतो, पुढचे दोन ऐकूही येत नाहीत, ते यामुळं. (४४ अंशांच्या उन्हात ध्वनीचा वेग सेकंदाला ३५७ मीटरच्या घरात जातो, त्यामुळं हा सूर दोन-अडीच हर्ट्झनं वर सरकतो. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. उन्हाळ्यात बिघडवतो तो कूलर, त्याच्याकडे येऊच.)

हा अडकलेला सूर भिंतीजवळ सगळ्यात जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा असतो. आणि आपण बसतो कुठं? पाठ टेकायला मिळते म्हणून भिंतीला. वूफर ठेवतो कुठं? पायात येऊ नये म्हणून कोपऱ्यात, जिथं दोन भिंती आणि जमीन मिळून त्याला आणखी फुगवतात. वास्तुशास्त्रात विजेच्या वस्तूंना आग्नेय कोपरा सांगितलाय, तेवढ्यासाठी टीव्हीसकट सगळं त्या कोपऱ्यात कोंबलेलंही मी पाहिलंय. अग्निदेवता प्रसन्न झाली असेल, कान झाले नाहीत. उपाय फुकटाचा आहे. बैठक मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढायची. पाठीला लोड-तक्के द्यायचे. वूफरची जागा शोधायला तो तात्पुरता आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, खालच्या सुरांचं एखादं गाणं चालू करायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं कान खाली नेऊन फिरायचं. जिथं सगळे ठोके सारखे ऐकू येतील तिथं वूफर कायमचा. घरातली मंडळी हसतात, हसू द्यावं.

बैठक पुढे ओढण्याचा दुसरा फायदा चित्राला होतो, म्हणून इथंच सांगतो. ४३ इंची टीव्हीचं चित्र साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतं. नऊ फुटांवरून, म्हणजे मागच्या भिंतीला टेकून, ते डोळ्यापुढचे जेमतेम २० अंश व्यापतं. सिनेमासाठी निदान ३० अंश असावेत अशी शिफारस सिनेमा-तंत्रज्ञांच्या संस्थेनं केलेली आहे. थिएटरच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणारे टीएचएक्सवाले तर ४० म्हणतात. साडेसहा फुटांवर आलात की २७ अंश होतात. लोक ४३ चा टीव्ही विकून ५५ चा घेतात तो बराचसा याच फरकासाठी, आणि तोच फरक सतरंजी हलवून मिळतो. जवळून बघितलं की डोळे बिघडतात, हे जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीपासून आजी-आजोबांनी लावून ठेवलेलं भय आहे. एचडी चित्राला सहा फूट काही जवळ नाहीत.

उंचीचं काय? आपल्याकडे टीव्ही वर टांगतात. पोरं हात लावतात, झाडता-पुसताना पाणी उडतं, कारणं खरी आहेत. पण आपण बसतो जमिनीवर. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ७५-८० सेंटीमीटरवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास आला पाहिजे, म्हणजे ४३ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून पावणेदोन फुटांवर. सोफ्यासाठी दिलेले आकडे वाचून आपण तो फूटभर वर नेतो आणि त्यातही दिवाणावर बसणाऱ्या पाहुण्यांची सोय म्हणून आणखी दोन फूट. मान दुखते तो भाग वेगळाच, पण बरेच एलसीडी पडदे खालून बघितले की काळा रंग राखाडी दिसायला लागतो आणि चेहरे धुऊन निघतात. खाली आणणं जमतच नसेल तर निदान पुढे झुकणारा ब्रॅकेट लावून घ्यावा.

आता त्या मूळ तक्रारीकडे. बोलणं समजत नाही, कारण सिनेमाचा आवाज घरासाठी बनवलेलाच नसतो. थिएटरमध्ये पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलला जुळवलेला असतो आणि स्फोटासाठी त्यावर आणखी २० डेसिबल मोकळे ठेवलेले असतात. संवाद या उतरंडीत बराच खाली असतो. घरी आपण स्फोट सोसवेल एवढा आवाज ठेवतो आणि कुजबुज जमिनीत जाते. त्यात ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा मांडणीत जवळजवळ सगळे संवाद एकट्या मधल्या स्पीकरवर असतात, आणि तोच आपल्याकडे शोकेसच्या काचेमागे, देवाच्या फोटोशेजारी सापडतो. त्याला बाहेर काढून टीव्हीच्या बरोबर खाली, कानाकडे तोंड करून ठेवायचं. पुढचे दोन मध्यापासून डावी-उजवीकडे ३०-३० अंशांवर. मागचे दोन कानाच्या थोडे मागे, ११० अंशांच्या आसपास. म्हणजे समोरच्या भिंतीवर त्यांचं काहीच काम नाही. मग मधल्याचा आवाज दोन-तीन डेसिबलनं चढवायचा आणि मेनूत स्फोट दाबून कुजबुज वर आणणारा ‘नाइट मोड’ असेल तर रात्री तो चालू करायचा. तारांच्या लाल-काळ्या टोकांकडेही लक्ष हवं. दोनांपैकी एका स्पीकरची टोकं उलटी लागली की बेस गळतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. बातम्या लावा : दोन्ही बाजूंचेच स्पीकर चालू असतानाही निवेदकाचा आवाज त्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटला तर टोकं बरोबर.

आणि कूलर. लोखंडी कूलर जवळून मोजला तर ५५ ते ६५ डेसिबल भरतो. माणूस समोर बसून बोलतो तोही साठच्या आसपासच. बोलणं बिनकष्टानं कळायला ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १०-१५ डेसिबल वर लागतं. म्हणून लोक होम थिएटरचा आवाज वाढवतात, मग शेजारी वाढवतात, आणि रात्री दहानंतर आळीत कूलर, टीव्ही आणि भांडण असा तिहेरी कार्यक्रम होतो. (२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे कुणाच्या गावी नसतं.) कूलर गप्प बसवता येत नाही, पण त्याच्याशी वाटाघाट करता येते. तो खिडकीच्या गजांवर न टेकवता बाहेर स्वतंत्र स्टँडवर उभा करा, मध्ये रबराची पट्टी घाला; भिंत थरथरायची थांबली की त्याच्या आवाजातला घरघराट बराच कमी होतो. पंख्याच्या पात्यांवरचा क्षार खरवडून काढा. आपल्याकडच्या जड पाण्यानं पाती असमतोल होतात. स्पीकर कूलरसमोर ठेवू नका, ओलसर वाऱ्यानं कागदी कोन मऊ पडतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्पीकर कानाजवळ आणा. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल मिळतात, खोलीत थोडे कमी. पुढे ओढलेली बैठक इथं तिसऱ्यांदा कामाला येते.

हे सगळं कशासाठी, तर ‘सैराट’च्या शेवटासारख्या प्रसंगासाठी. नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या त्या सिनेमाचा शेवट आवाज काढून घेऊन केलाय. त्याच सिनेमाचं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातलं ‘झिंगाट’ गाणं कुठल्याही डब्यावर वाजतं, तो शेवट वाजत नाही. खोलीत कूलर घुमत असेल तर दिग्दर्शकानं काढून घेतलेला आवाज आपण परत भरून टाकतो.

डब्यांबद्दल थोडं. दुकानात खोक्यावर पीएमपीओचे हजारोंचे आकडे छापलेले असतात. घरातला साधा सॉकेट सहा अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त १३८० वॉट येऊ शकतात. त्या सॉकेटला लावलेला डबा पाच हजार वॉट आणणार कुठून? खरा आकडा आरएमएस नावाखाली बारीक अक्षरात असतो, चाळीस-साठ, आणि दहा बाय दहाला तो पुरून उरतो. वॉट दुप्पट केले तरी तीनच डेसिबल वाढतात. मला उलट जिल्ह्याच्या गावोगावी ४४४० आणि टीडीए २०३० च्या आयसीवर डबे जुळवून देणाऱ्या मेकॅनिकांचं कौतुक आहे. ट्रान्सफॉर्मर कितीचा घातला ते ते सांगतात, बिघडला तर संध्याकाळपर्यंत परत देतात, आणि प्लायचा डबा प्लॅस्टिकपेक्षा केव्हाही चांगला वाजतो. फक्त एक समजून घ्यावं : लाल-पांढऱ्या दोन तारा घेणाऱ्या अशा ५.१ डब्यात खरे सहा वेगळे आवाज पोचतच नाहीत, दोनाचेच सहा केलेले असतात. त्यापेक्षा त्याच पैशात दोन चांगले स्पीकर आणि एक वूफर करून घेणं शहाणपणाचं.

चित्राच्या बाबतीत पहिला शत्रू टीव्हीच्या आतच बसलाय. कारखान्यातून टीव्ही बऱ्याचदा येतो तो ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये, दुकानाच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीवर मात करण्यासाठी. त्यात पांढरा रंग निळसर असतो आणि आपल्याला तो आवडतोही. नीळ दिलेलं धोतर जास्त पांढरं वाटतं, त्यातलाच प्रकार. सिनेमा मात्र ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर रंगवलेला असतो. मेनूत ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड घ्या, रंगछटा ‘वॉर्म’ करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. तिसऱ्या दिवशी माणसांची कातडी माणसांची वाटायला लागते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. ‘मोशन’ शब्द असलेली जी काही सोय असेल ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि हा पर्याय मध्ये स्वतःची चित्रं घुसडून त्याची मालिका करून टाकतो. हॉलिवूडचा नट टॉम क्रूझनं २०१८ मध्ये याविरुद्ध जाहीर विनंती केली होती, आणि पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्यांच्या संघटनेनं ‘फिल्ममेकर मोड’ आणला.

ब्राइटनेस हे नाव फसवं आहे. बहुतेक टीव्हींवर तो काळा किती काळा असावा ते ठरवतो. तो जुळवायला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा सिनेमा घ्या. पाऊस, वाडा, कंदील आणि भोवती अंधार. वाड्यातल्या एखाद्या प्रसंगावर थांबवा, खोलीतला दिवा बंद करा आणि ब्राइटनेस हळूहळू खाली आणा. आधी अंधार धुरकट राखाडी असेल. मग तो काळा होईल. आणखी खाली गेलात की भिंतीचा पोत आणि कपड्यांच्या घड्या त्यात बुडतील. बुडायच्या एक पायरी आधी थांबा. दुपारी बघायची सवय असेल तर समोरच्या खिडकीला आधी पडदा लावा, कारण काचेवर ऊन पडलेल्या टीव्हीला कुठलीच सेटिंग वाचवत नाही. तोतापुरी हिरव्या आणि गुलाबी ऑइलपेंटच्या भिंतीही आपला रंग चित्रावर टाकतात. निदान टीव्हीमागची भिंत तरी मळकट पांढरी किंवा राखाडी ठेवावी.

एक गोष्ट फार घरांत दिसते. छतावर डिशची छत्री, खाली एचडी बॉक्स, एचडी चॅनलचे पैसे दर महिन्याला, आणि बॉक्समधून टीव्हीकडे गेलेली तार लाल-पांढरी-पिवळी. त्या पिवळ्या तारेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. एचडीएमआयची साधी केबल लावली की त्याच टीव्हीवर लोक चष्मा बदलल्यासारखे बघतात. डीडी फ्री डिशची गोष्ट वेगळी. २००४ पासून चालत आलेल्या या फुकट सेवेवर मुळात बहुतेक चित्र साध्या दर्जाचंच येतं, तिथं टीव्हीला दोष देऊ नये.

विजेबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, कारण रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की दाब कुठं जातो आणि डीपी जळाली की किती दिवस जातात हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोनच सूचना इथं. स्पीकरमधून सतत ‘हूं’ येत असेल तर ती पन्नास हर्ट्झची वीज आहे आणि बहुधा अर्थिंगचा दोष आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी सोडा आणि वायरमनकडून तपासून घ्या. तिसरी पिन कापून ‘हूं’ घालवणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका, त्यात माणूस दगावतो. आणि वळवाचं आभाळ आलं की टीव्हीची पिन काढता तशी छत्रीची तारही काढा. वीज बऱ्याचदा त्या वाटेनं आत येते.

शेवटी, ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांच्यासाठी. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं असतं, त्यात स्वयंपाकही आला. तिथं सिनेमाची वेगळी खोली कुणी मागत नाही. पण मिस्त्रीला सांगून बैठकीची लांबी, रुंदी आणि उंची एकसारखी होऊ न देणं जमतं. दहा बाय दहाऐवजी नऊ बाय अकरा केलं तरी भिंतींचा खर्च जवळपास तेवढाच येतो. टीव्हीच्या भिंतीत जमिनीपासून दोन फुटांवर चार सॉकेट घ्या. तिथून बैठकीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पाऊण इंची पाइप आत्ताच टाकून ठेवा, आणि त्यात ओढायची दोरीही. स्पीकरला साधी दीड एमएमची तांब्याची वायर पुरते, महागड्या केबलची गरज नाही. गिलावा करणाराला फक्त एवढं बजावा, की पाइपाच्या तोंडात कागदाचे बोळे कोंबल्याशिवाय माल मारू नको; नाहीतर सहा महिन्यांनी त्याच भिंतीवर छिन्नी-हातोडा घेऊन वायरमन उभा राहतो.